राज्य बदलले की गुन्हा? अमेरिकेतील मॅगझिन कायद्यांच्या गुंत्यात अडकलेले बंदूकधारक

घर बदलायचे म्हटले की प्रत्येक कुटुंबात तोच गोंधळ असतो. काय सोबत न्यायचे, काय विकायचे, काय नातेवाइकांकडे ठेवून जायचे. अमेरिकेत नोकरीसाठी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणे ही रोजची गोष्ट आहे. पण तिथल्या अनेक घरांत सामानाच्या यादीत एक वस्तू असते, जी आपल्याकडे क्वचितच सापडेल. ती म्हणजे पिस्तुलाचे मॅगझिन. वाचायचे मासिक नव्हे, तर बंदुकीत गोळ्या भरण्याची लांबट पेटी.

समजा, डॅलसजवळ राहणारा एक माणूस नव्या नोकरीसाठी न्यू जर्सीला निघाला. त्याच्याकडे दुकानातून रीतसर घेतलेले ग्लॉक १७ पिस्तूल आहे. या पिस्तुलाचे नेहमीचे मॅगझिन १७ गोळ्यांचे असते. टेक्सासमध्ये मॅगझिनवर मर्यादा नाही. पण न्यू जर्सीत दहापेक्षा जास्त गोळ्यांचे मॅगझिन जवळ असणे हाच गुन्हा आहे, आणि त्याला १८ महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. माणूस तोच, पेटी तीच, हेतूही तोच. मध्ये फक्त राज्याची हद्द आली.

हा विषय आमच्या वाचकांना दूरचा वाटेल. पण कोकणातली, मराठवाड्यातली, पुण्या-मुंबईतली कितीतरी मुलेमुली आज न्यू जर्सी, टेक्सास, इलिनॉय, कॅलिफोर्निया इथे नोकरी करतात आणि दर दोन-चार वर्षांनी राज्य बदलतात. शिवाय या वादातला मूळ प्रश्न आपल्या ओळखीचा आहे. एका राज्यात जे कायदेशीर, ते दुसऱ्या राज्यात गुन्हा ठरत असेल, तर साध्या माणसाने वागायचे कसे?

एका देशात इतके कायदे कसे?

अमेरिकेत मॅगझिनवर देशभर लागू होणारी मर्यादा एकदा आली होती. सप्टेंबर १९९४ मध्ये राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी सही केलेल्या कायद्याने दहापेक्षा जास्त गोळ्यांची नवी मॅगझिन सर्वसामान्यांसाठी बंद केली. आधीपासून लोकांकडे असलेल्यांना मात्र हात लावला नाही. हा कायदा दहा वर्षांसाठीच होता. सप्टेंबर २००४ मध्ये त्याची मुदत संपली आणि संसदेने ती वाढवली नाही.

त्यानंतर प्रत्येक राज्य आपापल्या वाटेने गेले. २०२५ पर्यंतचा हिशेब केला तर १४ राज्यांनी आणि राजधानी वॉशिंग्टन डीसीने कुठली ना कुठली मर्यादा घातली आहे. त्यातल्या ओरेगॉनचा कायदा २०२२ च्या जनमत कौलातून मंजूर झाला आणि लगेच कोर्टकचेऱ्यांत अडकला. बाकीच्या राज्यांत मर्यादाच नाही.

बरे, या १४ राज्यांचा आकडा तरी एक असावा, तर तेही नाही. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, न्यू जर्सी, मॅसॅच्युसेट्स, कनेक्टिकट, ऱ्होड आयलंड इथे दहा. कोलोरॅडोत पंधरा. डेलावेअरमध्ये सतरा. इलिनॉय आणि व्हरमाँटमध्ये रायफलसाठी दहा, पिस्तुलासाठी पंधरा. हवाईची मर्यादा पिस्तुलांच्या मॅगझिनपुरती. म्हणजे वर सांगितलेले ग्लॉकचे मॅगझिन डेलावेअरमध्ये चालते, आणि डेलावेअर नदीवरचा पूल ओलांडून न्यू जर्सीत गेले की चालत नाही.

शब्दांवरूनही भांडण आहे. मर्यादा हवी असलेले लोक याला 'मोठ्या क्षमतेचे मॅगझिन' म्हणतात. बंदूकधारक म्हणतात, कंपनी जे पिस्तुलासोबत देते ते 'नेहमीचे' मॅगझिन, मोठे कसले? एआर-१५ रायफलचे नेहमीचे मॅगझिन ३० गोळ्यांचे असते.

मर्यादा आली कुठून?

हे कायदे हवेतून आलेले नाहीत. प्रत्येकामागे रक्त सांडलेले आहे. जानेवारी २०११ मध्ये ॲरिझोनातील टूसॉन इथे खासदार गॅबी गिफर्ड्स यांच्या सभेत एकाने ३३ गोळ्यांचे मॅगझिन लावलेल्या पिस्तुलातून गोळीबार केला. सहा जण मेले, त्यात नऊ वर्षांची एक मुलगी होती. हल्लेखोर मॅगझिन बदलायला थांबला, तेव्हाच लोकांनी त्याला पकडून खाली पाडले. डिसेंबर २०१२ मध्ये कनेक्टिकटच्या सँडी हूक शाळेत २० चिमुकली मुले आणि सहा कर्मचारी मारले गेले. हल्लेखोराने ३० गोळ्यांची मॅगझिन वापरून पाच मिनिटांच्या आत दीडशेवर गोळ्या झाडल्या होत्या.

कायद्याच्या बाजूने असलेल्यांचे म्हणणे एवढेच आहे की, मारेकऱ्याला दर दहा गोळ्यांनंतर थांबावे लागले, तर त्या काही सेकंदांत कुणी पळेल, कुणी लपेल, कुणी त्याच्यावर झडप घालेल. टूसॉनमध्ये नेमके तेच झाले. हा मुद्दा आम्हाला हलका वाटत नाही. एक मूल वाचत असेल तर दहा सेकंदही मोलाचे आहेत.

नव्याने येणाऱ्याला वाट कोणती?

पण कायदा करताना सरकारच्या डोळ्यांसमोर त्या राज्यात आधीपासून राहणारा माणूस असतो. बाहेरून राहायला येणाऱ्याचा विचार काही राज्यांनी केला, काहींनी केलाच नाही. खरी अडचण इथे आहे.

कनेक्टिकटने तो केला. तिथे नव्याने राहायला येणाऱ्याजवळ कायदेशीर मिळवलेले मोठे मॅगझिन असेल, तर त्याला ९० दिवस मिळतात. त्या मुदतीत त्याने ते कायमचे निकामी करावे, परवानाधारक दुकानदाराला विकावे किंवा राज्याबाहेर पाठवावे. कायदा कडक आहे, पण वाट दाखवतो.

न्यू जर्सीत मर्यादा आधी पंधराची होती. जून २०१८ मध्ये ती दहावर आली, तेव्हा लोकांना १८० दिवस दिले गेले. पण ती मुदत त्या वेळच्या रहिवाशांसाठी होती आणि डिसेंबर २०१८ मध्येच संपली. आज टेक्सासहून येणाऱ्याला तिचा काय उपयोग?

कॅलिफोर्नियात तर उलटसुलट आहे. नव्या रहिवाशाला आपल्या बंदुकांची नोंद करायला ६० दिवस मिळतात. त्यामुळे अनेकांना वाटते की मॅगझिनलाही तीच सवलत असणार. तसे नाही. मोठे मॅगझिन राज्यात आणण्यावर २००० सालापासून बंदी आहे. सवलत बंदुकीला, मॅगझिनला नाही.

वॉशिंग्टन राज्याचा नियम तर वाचून डोके चक्रावते. तिथे १ जुलै २०२२ पासून दहापेक्षा जास्त गोळ्यांचे मॅगझिन विकणे आणि बाहेरून आणणे बंद आहे, पण आधीपासून असलेले ठेवता येते. इतकेच नव्हे, स्पोकेनचा जुना रहिवासी आपले मॅगझिन घेऊन शेजारच्या आयडाहोत गेला आणि तेच घेऊन परतला, तर कायद्याच्या भाषेत ते 'आणणे' होत नाही. पण आयडाहोचा माणूस तसेच मॅगझिन घेऊन स्पोकेनमध्ये राहायला आला, तर तो आणण्याचा गुन्हा. दोघांची घरे एकमेकांपासून अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरावर असू शकतात.

मेरीलँडने आणखी वेगळीच वाट काढली. तिथे दहापेक्षा जास्त गोळ्यांच्या मॅगझिनची विक्री बंद, बाळगणे बंद नाही. त्यामुळे लोक राज्याबाहेर जाऊन घेतात आणि घरी आणतात. कोलोरॅडोत १ जुलै २०१३ पूर्वीपासून सलग आपल्याकडे असलेले मॅगझिन चालते. पण पेटीवर खरेदीची तारीख थोडीच छापलेली असते? सिद्ध कुणी करायचे आणि कसे, हा वाद उरतोच.

मग लोक करतात काय?

जे कायदा वाचून वागतात ते साधारण चारपैकी एक वाट धरतात. निघण्यापूर्वी मोठी मॅगझिन विकून टाकतात आणि दहाची विकत घेतात. बहुतेक कंपन्या अशा राज्यांसाठी दहाची बनवतातच. किंवा जुन्या राज्यात भावाकडे, मित्राकडे ठेवून जातात. किंवा मॅगझिनमध्ये आतून अडसर बसवून, रिव्हेट मारून ते कायमचे दहाचे करून घेतात. हा बदल पुन्हा काढता येणार नाही असाच हवा, नाहीतर कायद्यासमोर तो टिकत नाही. चौथी वाट म्हणजे पोलिसांकडे जमा करणे.

पण बरेच जण यातले काहीच करत नाहीत. कारण त्यांना ठाऊकच नसते. बंदूक घ्यायला कागदपत्रे लागतात, ओळख तपासली जाते, म्हणून बंदुकीचे गांभीर्य लक्षात राहते. मॅगझिन हा सुटा भाग. केंद्रीय कायद्यात त्याला बंदूक मानलेले नाही. टेक्सासमध्ये तो बूट-मोजे घ्यावेत तसा दुकानातून घेता येतो. मग तो खोक्यात, कपड्यांच्या खाली, ट्रकमध्ये चढतो.

प्रवासाचीही गंमत आहे. १९८६ च्या केंद्रीय कायद्याने बंदूकधारकाला दुसऱ्या राज्यांतून जाण्याची मुभा दिली आहे. अट अशी की, जिथून निघाला आणि जिथे चालला त्या दोन्ही ठिकाणी त्याला ती बंदूक कायद्याने बाळगता आली पाहिजे, आणि वाटेत ती रिकामी व हाताशी येणार नाही अशी ठेवली पाहिजे. त्या कलमात बंदूक आणि दारूगोळा यांचा उल्लेख आहे. मॅगझिनचा वेगळा उल्लेख नाही. आणि ज्या राज्यात मुक्काम करायचा, तिथलाच कायदा आडवा येत असेल तर ही मुभा कामाची नाही.

दोन माणसे, दोन खटले

कागदावरचा गुंता माणसाच्या आयुष्यात उतरला की काय होते, हे न्यू जर्सीतल्या दोन प्रकरणांत दिसले. दोघांची नावे तिथल्या वर्तमानपत्रांत गाजली. आम्ही ती इथे देत नाही.

पहिला तरुण कोलोरॅडोहून न्यू जर्सीत आला होता, आपल्या लहान मुलाच्या जवळ राहता यावे म्हणून. जानेवारी २००९ मध्ये त्याची मनःस्थिती पाहून आई घाबरली आणि तिने पोलिसांना फोन लावला. पोलिसांना गाडीच्या डिकीत, घर बदलण्याच्या सामानात, रिकाम्या आणि बंद करून ठेवलेल्या बंदुका सापडल्या. त्या त्याने कोलोरॅडोत रीतसर घेतल्या होत्या. सोबत मोठी मॅगझिन आणि न्यू जर्सीत निर्बंध असलेल्या प्रकारच्या गोळ्या होत्या. घर बदलताना बंदूक नेण्याची सूट तिथल्या कायद्यात आहे. ज्युरीने त्याबद्दल विचारलेही, पण न्यायाधीशांनी ती सूट त्यांच्यापुढे ठेवलीच नाही. २०१० मध्ये त्याला सात वर्षांची शिक्षा झाली. त्याच डिसेंबरात गव्हर्नर ख्रिस क्रिस्टी यांनी शिक्षा कमी करून त्याला सोडले, आणि २०१२ मध्ये अपील न्यायालयाने बंदूक बाळगल्याचा दोष रद्द केला. तोवर व्हायचे ते नुकसान होऊन गेले होते.

दुसरी फिलाडेल्फियाची एक कृष्णवर्णीय एकटी आई. तिचा प्रश्न मॅगझिनचा नव्हता, परवान्याचा होता, पण खड्डा तोच. ऑक्टोबर २०१३ मध्ये न्यू जर्सीत पोलिसांनी तिची गाडी थांबवली. तिने स्वतःहून सांगितले की आपल्याकडे पिस्तूल आहे आणि पेनसिल्व्हेनियाचा परवानाही आहे. तो परवाना न्यू जर्सीत चालत नाही, हे तिला माहीत नव्हते. खरे बोलल्याचे बक्षीस म्हणून तिच्यासमोर किमान तीन वर्षांची कैद उभी राहिली. देशभर ओरड झाली, तेव्हा खटला बाजूला पडला आणि २०१५ मध्ये तिला माफी मिळाली.

दोन्ही वेळा न्याय मिळाला तो कायद्यातून नाही. गव्हर्नरची कृपा आणि लोकांची ओरड यामुळे. ज्याच्यासाठी कुणी ओरडत नाही, त्याचे काय? गाडी कुणाची थांबवली जाते, डिकी कुणाची उघडली जाते, हा प्रश्न अमेरिकेतल्या काळ्या माणसाला विचारा. वेगळ्या नावाच्या, वेगळ्या पेहरावाच्या माणसालाही विचारा.

कोर्टांनी काय सांगितले?

जून २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ब्रुएन खटल्यात सांगितले की, शस्त्रांवरचे निर्बंध देशाच्या जुन्या परंपरेत बसले पाहिजेत. त्यानंतर मॅगझिनचे कायदे एकापाठोपाठ एक कोसळतील, असे अनेकांना वाटले. तसे झाले नाही. मार्च २०२५ मध्ये नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने ७ विरुद्ध ४ मतांनी कॅलिफोर्नियाची मर्यादा वैध ठरवली. मे २०२५ मध्ये वॉशिंग्टन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने आपल्या राज्याचा कायदा उचलून धरला. आणि २ जून २०२५ रोजी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने ऱ्होड आयलंडच्या मॅगझिन बंदीविरुद्धची याचिका ऐकायला नकार दिला. त्याच दिवशी मेरीलँडच्या रायफल बंदीचे प्रकरणही नाकारले. त्या प्रकरणात न्यायमूर्ती कॅव्हनॉ यांनी एआर-१५ रायफलचा प्रश्न न्यायालयाला लवकरच हाती घ्यावा लागेल, असे सूचित केले.

म्हणजे निकाल लागेपर्यंत तरी नकाशा असाच ठिगळाठिगळांचा राहणार. मधल्या काळात एखादा न्यायाधीश बंदी उठवतो, वरचे न्यायालय पुन्हा लावते. मार्च २०१९ च्या अखेरीस कॅलिफोर्नियात तसेच झाले. बंदी उठली, आठवडाभर लोकांनी झुंबड करून मॅगझिन घेतली, आणि बंदी परत आली. सामान्य माणसाने रोज कोर्टाचे निकाल वाचत बसायचे का?

आपल्याला हे ओळखीचे का वाटते

भारतात शस्त्रांचा विषय राज्यघटनेने केंद्राच्या सूचीत ठेवला आहे. १९५९ चा शस्त्र कायदा सगळ्या देशाला एकच. म्हणून हा नेमका प्रश्न आपल्याकडे नाही. पण 'तिकडे चालते, इकडे गुन्हा' ही अवस्था आपल्याला नवी नाही. मार्च २०१५ मध्ये महाराष्ट्रात बैल-वळूंच्या कत्तलीवर बंदी आली, तेव्हा दुसऱ्या राज्यात कायदेशीर मिळालेले मांस इथे जवळ बाळगणेही गुन्हा ठरवले गेले. मे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कत्तलबंदी कायम ठेवली, पण बाहेरून आणलेल्या मांसाच्या ताब्याला गुन्हा ठरवणारे कलम रद्द केले. बंदी असलेल्या मांसाच्या ताब्याबद्दलही न्यायालयाने सांगितले की, तो ताबा जाणीवपूर्वक असला पाहिजे. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले.

बंदूक आणि अन्न एक नव्हे, हे आम्ही जाणतो. बंदूक जीव घेते. तिच्यावर निर्बंध हवेतच. पण त्या निकालातले तत्त्व दोन्हीकडे लागू पडते. जवळ असणे हाच गुन्हा ठरवायचा असेल, तर माणसाला ते ठाऊक होते का, हे विचारायला हवे.

आणि कडक कायदाही माणुसकीने राबवता येतो. १५ मार्च २०१९ रोजी न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्चच्या दोन मशिदींत ५१ नमाजी शहीद झाले. हल्लेखोराने वापरलेली मोठी मॅगझिन त्याने सहज विकत घेतली होती. महिनाभराच्या आत, १० एप्रिलला, तिथल्या संसदेने ११९ विरुद्ध १ मताने कायदा बदलला. मर्यादा देशभर एकच. लोकांना २० डिसेंबरपर्यंत मुदत मिळाली, जमा केलेल्या बंदुकांचा आणि सुट्या भागांचा मोबदला मिळाला, आणि त्या काळात जमा करणाऱ्यावर गुन्हा दाखल झाला नाही. अमेरिकेची घटना वेगळी, इतिहास वेगळा, हे खरे. पण कळवणे, मुदत देणे आणि सुटकेची वाट ठेवणे या तीन गोष्टींना घटना आडवी येत नाही. कनेक्टिकटने ते करून दाखवलेच आहे.

आपल्या माणसांसाठी

परदेशातल्या आपल्या मुलाबाळांना आमचे सांगणे थोडक्यात असे. एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असाल, तर केंद्रीय कायद्याने शिकारीच्या परवान्यासारखे काही अपवाद सोडून बंदूक आणि गोळ्या बाळगण्यालाच मनाई आहे; मित्राची वस्तू सांभाळायलाही घेऊ नका. ग्रीन कार्ड असेल तर बंदूक घेता येते, पण बंदुकीशी संबंधित गुन्ह्यात दोषी ठरलात तर देश सोडण्याची पाळी येऊ शकते. मूळ नागरिकाला जिथे दंड होतो, तिथे तुमचे घरदार उठू शकते. म्हणून राज्य बदलण्याआधी नव्या राज्याचा नियम वाचा आणि तिथल्या वकिलाला विचारा. बंदुकीचे वेगळे विचारा, मॅगझिनचे वेगळे, गोळ्यांचे वेगळे. ज्या राज्यांतून गाडी जाणार त्यांचेही विचारा. आणि शंका असेल ती पेटी जुन्या राज्यातच सोडा.

दहा गोळ्या की सतरा, हा वाद अमेरिकेने आपल्या पद्धतीने सोडवावा. आम्ही स्वतः लहान आकड्याच्या बाजूचे आहोत. टूसॉन, सँडी हूक आणि क्राइस्टचर्च विसरता येत नाही. पण कायद्याचा धाक मारेकऱ्याला बसावा. खोकी बांधून नव्या गावी निघालेल्या माणसाला त्याने आधी कळवावे आणि थोडा वेळ द्यावा. त्यानंतरही जो ऐकणार नाही, त्याला खुशाल पकडावे.